सावलीची बदली होत नसते

मे महिन्यात सोलापुरात सिग्नलला गाड्या कुठं थांबतात ते एकदा बघा. पांढऱ्या पट्ट्यावर कुणीच नसतं. पट्ट्याच्या चाळीस-पन्नास फूट मागं, कडेच्या कडुलिंबाची सावली जिथं रस्त्यावर उतरलेली असते, तिथं सगळ्या दुचाक्या दाटीवाटीनं उभ्या. पुढचा हलायला तयार नाही आणि मागचा त्याच्यावर हॉर्न वाजवत नाही. दिवा हिरवा झाला की मधला उन्हाचा पट्टा सगळे एका दमात पार करतात. हा नियम कुणी छापलेला नाही, तरी एकमतानं पाळला जातो. ज्या चौकात झाड नाही, तिथं दुपारी सिग्नलच पाळला जात नाही, हेही खरं.

शहरातल्या झाडांबद्दल मला जे म्हणायचंय ते या पट्ट्यातच आलं. आमच्या गावात झाड म्हणजे आधी सावली, बाकीचं सगळं नंतर. आणि सावलीची बदली होत नाही. शिक्षकाची होते, तलाठ्याची होते, मोठ्या साहेबांची तर फारच लवकर होते. पण सात रस्ता चौकाजवळची सावली तोडून ती गावाबाहेरच्या एखाद्या उघड्या जागेवर ‘भरपाई’ म्हणून उभी करता येत नाही. तिथली रोपं जगली तरी ती तिथली सावली. इथल्या बसथांब्यावरच्या म्हातारीच्या डोक्यावरचं ऊन आहे तसंच राहतं. झाडांच्या बाबतीतला आपला सगळा कारभार मात्र सावलीची बदली होते असं धरूनच चाललाय.

आधी ऑक्सिजनचा विषय मिटवून टाकू. ‘झाडं तोडाल तर श्वास कसा घ्याल’ असे फलक दर जूनमध्ये लागतात. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे. गल्लीतली दहा झाडं गेली म्हणून तो कमी पडत नाही आणि दहा लावली म्हणून जादा मिळत नाही. शहरातली झाडं शोषतात तो कार्बनही वाहनांच्या धुरापुढं किरकोळच. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये झाडाची किंमत सांगितली : वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. त्यातले ४५ हजार एकट्या ऑक्सिजनचे. समितीचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण असा आकडा ऐकला की रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं हसू अगदीच चुकीचं नसतं. झाडाची बाजू मांडताना आपण जे सहज खोडता येईल तेच पुढं करतो आणि ज्याला कुणी नाही म्हणू शकणार नाही, ती सावली, ती मात्र सांगायची राहून जाते.

सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या वेळी विजेच्या खांबाची सावली खांबाच्या पायातच असते. भिंतीला सावली नसते, चार मजली इमारतीलाही नसते. अशा वेळी रस्त्यावर सावली असते ती फक्त झाडाची आणि ताडपत्रीची. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, तो हवेचा. डांबराचा पृष्ठभाग साठीच्याही वर जातो आणि दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत परत देत बसतो.

२०२४ हे जगाच्या नोंदीतलं तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक युगाच्या आधीच्या तापमानापेक्षा ते साधारण दीड अंशानं वर होतं. दीड अंश ऐकून सोलापूरकर म्हणेल, चव्वेचाळीसचं पंचेचाळीस झालं तर आम्हाला काय फरक पडलालाय बे! दुपारी फारसा पडत नाही, कबूल. रात्री पडतो. गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं की दहा-साडेदहाला डोळा लागायचा, तो आता बारापर्यंत लागत नाही. दिवसभर पत्र्याखाली काम केलेल्या शरीराला रात्री गार व्हायला वेळच मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन त्याला लवकर पाडतं. उष्माघातात माणसं अशी जातात. रात्रीचा हा उकाडा कमी करायचा तर दिवसा रस्ता आणि भिंत तापू न देणं, हाच स्वस्तातला उपाय आहे.

झाड हवा गार करतं ते पानांतून पाणी सोडून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणजे एखाद्या भरल्या झाडानं दिवसाला शंभर लिटर पाणी सोडलं तर ६७ युनिट उष्णता त्यानं हवेतून काढून घेतली. हिशेब आकर्षक आहे, पण वैशाखात सोलापूरच्या कोरड्या जमिनीत उभं असलेलं झाड शहाण्यासारखं वागतं आणि पानांची छिद्रं मिटून पाणी राखतं. त्यामुळं ‘झाड म्हणजे नैसर्गिक एसी’ ही उपमा इथं ऐन उन्हाळ्यात अर्धीच लागू पडते. उरते ती निव्वळ सावली. डांबर तापलंच नाही, हे तिचं काम. तेवढं पुरतं.

त्यासाठी झाडही तसं लागतं. गुलमोहर मेमध्ये फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान फार नसतं, शिवाय लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर. लिंबाचं उलटं आहे. माघ-फाल्गुनात तो पानं गाळतो, चैत्रात कोवळी तांबूस पालवी फुटते आणि वैशाखात, नेमकी गरज असते तेव्हा, तो दाट होऊन उभा असतो. या गावात तीन भाषा नांदतात आणि तिन्हींत त्याला घरातलं नाव आहे : आपला लिंब, कन्नडमधला बेवु, तेलुगूमधला वेप. पाडव्याला आपण पाला-गूळ खातो, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत उगादीच्या पच्चडीत त्याचा मोहोर पडतो. चिंच, करंज, वड, पिंपळ हीही इथली टिकाऊ मंडळी. दुभाजकात मात्र आपण कोनोकार्पस हे परदेशी झाड लावत सुटलो होतो, का तर तो लवकर हिरवा दिसतो. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आता भरपाईचा हिशेब. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं. एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि ती सात वर्षं सांभाळायची. दुरुस्ती वाईट नाही, आधीच्या एकास एक भरपाईपेक्षा कितीतरी बरी. पण तिनं मोजलं काय? नग मोजले. साठ वर्षांच्या लिंबाच्या फांद्यांचा घेर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा मीटर धरा. त्याच्याखाली ११३ चौरस मीटर सावली पडते. आठ फुटी रोपाचा घेर मीटरभर असला तर त्याची सावली पाऊण चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे ती एक सावली भरून काढायला आजच्या आज १४४ रोपं हवीत. कायदा देतो साठ. आणि ती लावायची त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य ठिकाणी. त्या ‘दुसऱ्या योग्य ठिकाणी’त सगळी गोम आहे.

हे दुसरं ठिकाण बहुतेकदा गावाबाहेरचा माळ असतो, आणि माळ म्हणजे आपल्या लेखी ओसाड जागा. वास्तविक या जिल्ह्याची मूळ ओळखच माळ आहे. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते माळढोकासाठी. त्याला उघडं गवत लागतं, झाडी नको असते. काळविटालाही तेच. आज नान्नजला माळढोक दिसलाच तर त्याची बातमी होते. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण गवताळ माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावून ‘वनीकरण’ केलं, हेही त्यांतलं एक. तर शहरातली सावली तोडायची आणि तिच्या बदल्यात माळावरचं गवत बुजवायचं, असा हा दुहेरी तोट्याचा सौदा आहे. कागदावर मात्र दोन्हीकडं हिरवी नोंद होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लिंब होता. रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी काँक्रीट थेट बुंध्याला टेकवलं. वीतभरही माती ठेवली नाही. नंतर गटाराची चारी खणली, ती बुंध्यापासून दोन हातांवर, आणि त्या बाजूची मनगटाएवढी मुळं कुऱ्हाडीनं तोडून टाकली. एका रविवारी मी सहज बुंधा न्याहाळला. झाड लहान असताना घातलेली लोखंडी जाळी सालीत रुतून बसली होती. एकवीस खिळे मोजले. त्यांतल्या चौदांवर अजून काही ना काही टांगलेलं होतं : क्लासची जाहिरात, ‘खोली भाड्याने देणे’, एका वाढदिवसाच्या फलकाची तार. काँक्रीट फोडून आळं करून द्या, असा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. ‘रस्ता आमच्याकडं येत नाही.’ दुसऱ्या कार्यालयात गेलो. ‘झाड आमच्याकडं येत नाही.’ तीन उन्हाळे गेले. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये वळवाचं वादळ आलं आणि अर्ध्या तासात लिंब आडवा. चारीच्या बाजूला त्याला धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं, तो उलट्या बाजूला उभ्या रिक्षावर गेला. रिक्षात कुणी नव्हतं हे नशीब. उपटून वर आलेला मुळांचा गड्डा जेवणाच्या टेबलाएवढा होता आणि झाड दुमजली घराएवढं.

जमलेल्या लोकांत एकच सूर : झाडं धोकादायकच असतात. पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोघांनी आपापल्या दारातली झाडं छाटायला अर्ज दिले. असं होतं. आपण झाडाचे पाय तोडतो, मग ते पडलं की पडणं हा झाडाचा स्वभाव ठरतो. हवामान बदलतंय तसा वळीव जास्त आडदांड होत जाणार. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं जिल्ह्यात काय केलं ते ताजं आहे. म्हणजे मुळांना माती देण्याची गरज वाढणार, कमी नाही होणार. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. एक मीटर! त्याला ना जमीन संपादन लागतं, ना वेगळा निधी. काँक्रीट ओतायच्या आधी चार विटा ठेवल्या की झालं.

त्या लिंबाखाली एक अक्का भाजी घेऊन बसायच्या. अंबाडी, चुका, शेपू, कधी हरभऱ्याचा पाला. झाड गेल्यावर त्यांनी छत्री लावली, मग पोत्याचा आडोसा केला. महिन्याभरानं मी विचारलं तर म्हणाल्या, “झाड होतं तवा बारापर्यंत भाजी टवटवीत राहायची. आता धालाच मान टाकतीय बघा. निम्मी गाईला घालतो.” नंतर त्या तिथं दिसल्या नाहीत. झाडाची किंमत काढणाऱ्या कुठल्याही समितीनं अक्कांच्या शिळ्या भाजीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

आता सगळ्यांत रास्त आक्षेप. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं, तेही रोज नाही. नळाला पाणी कधी येणार यावर इथल्या घरांचं वेळापत्रक ठरतं. अशा गावात झाडाला पाणी घाला म्हणणं हा चोचला नाही का? या आक्षेपाचा मान राखून सांगतो, हिशेब उलटा आहे. जुन्या लिंबाला टँकर लागत नाही. त्याची मुळं मुरमातून खोल गेलेली असतात, त्याला फक्त पावसाचं पाणी मुरायला बुंध्याशी माती हवी. पाणी लागतं ते रोपांना. साठ रोपं, दर वेळी वीस लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला २,४०० लिटर. पावसाळा आणि त्यानंतरचा ओलावा वगळून वर्षात ३५ आठवडे धरले तर ८४ हजार लिटर. तीन वर्षांत अडीच लाख लिटर, म्हणजे दहा हजारी पंचवीस टँकर, एका तोडलेल्या लिंबापायी. ज्या गावाला पाणी जपून वापरायचंय त्या गावाला जुनं झाड तोडणं परवडतच नाही. आणि नव्या रोपांना पिण्याचंच पाणी हवं असं कुणी सांगितलं? नळानं आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं इंजिनिअर धरून चालतात. प्रक्रिया केलेलं हे पाणी टँकरनं रस्त्याकडेला फिरवलं तर एका नळाचाही थेंब कमी होणार नाही.

सावली गावात सारखी वाटलेली नाही, हेही बोललं पाहिजे. रेल्वे लाइन्स, सात रस्ता, जुन्या बंगल्यांचा भाग तिथं अजून फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटतात. पूर्व भागात या. यंत्रमागाचे कारखाने, त्यांवर पत्रे, गल्ल्या अरुंद, आणि घराघरात उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळतात. हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही. मांडीवरच्या सुपात तेंदूची पानं, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या जंगलातल्या झाडाचा पाला, आणि स्वतःच्या दारात एकही झाड नाही. इथं ‘आहे ते जपा’ म्हणून भागणार नाही, कारण आहेच काय? कुंभारीजवळ रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहिलीय. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. माळावरच्या त्या एवढ्या मोठ्या वस्तीला आज लावलेल्या लिंबाची सावली मिळायला पंधरा-वीस वर्षं लागतील. लागवडीचे सोहळे करायचेच असतील तर तिथं करा, दर दहा घरांमागं एक झाड आणि त्याला पाणी घालायला तिथल्याच कुणाला तरी महिन्याचा पगार. २०१९ मध्ये राज्यानं एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. खड्डे, रोपं, फोटो यांचा हिशेब आपल्याला छान जमतो. चौथ्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा जमत नाही.

मी ‘एकही झाड तोडू नका’ म्हणणाऱ्यांतला नाही. दवाखान्याच्या वाटेत आडवं येणारं, पोकळ झालेलं, तारांमध्ये अडकलेलं झाड जाऊ द्यावं लागतं. पण रस्ता रुंद करताना दोन फूट वळण घेता येतं का, हा प्रश्न आराखड्याच्या टेबलावर विचारला जावा. झाडांवर तोडणीचे आकडे पडल्यावर तो विचारून उपयोग नसतो. आणि कायद्यानं दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायचीच आहे, तर तीत झाडांच्या संख्येबरोबर त्यांच्या फांद्यांचा घेरही लिहा. प्रभागवार किती चौरस मीटर सावली आहे आणि गेल्या खेपेपेक्षा किती घटली, एवढंच छापा. मग निवडणुकीत विचारता तरी येईल.

सोलापूरच्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली झाडं म्हणजे तोडलेली झाडं, हा एक गमतीचा भाग. ८ मे १९३० रोजी लोक रूपाभवानीच्या देवळाकडं शिंदीची झाडं तोडायला गेले, सरकारच्या ताडी-दारूच्या उत्पन्नाविरुद्ध. त्यातून गोळीबार झाला, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. ती झाडं तोडणाऱ्यांना आपण काय तोडतोय आणि कशासाठी, हे पक्कं ठाऊक होतं.

आमच्या घराजवळच्या रस्त्यावर सध्या सात लिंबांच्या बुंध्यांवर लाल रंगानं आकडे पडलेत. सूर्य डोक्यावर असतो त्या आठवड्यात एका दुपारी मी भाच्याला घेऊन गेलो. त्यानं टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. सूर्य माथ्यावर असल्यानं झाडाचा घेर आणि सावली त्या वेळी एकच असते, मोजायला सोपं. सातही झाडांची मिळून ६१० चौरस मीटर भरली. चौथ्या झाडाखाली चहाची गाडी, सहाव्याखाली रिक्षा थांबा आणि चप्पल शिवणारे काका. हे सगळं हरकतीच्या अर्जात लिहिलं. अर्ज घेणाऱ्यानं तो दोनदा वाचला. “सर, झाडांची संख्या सात, ते बरोबर आहे. हे चौरस मीटर कशाचे?”

“सावलीचे.”

त्यानं पडद्यावरचा फॉर्म वर-खाली करून पाहिला. प्रजाती, उंची, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, सगळ्यांना रकाने होते. शेवटी त्यानं ते ‘शेरा’मध्ये टंकून घेतलं.